दुसऱ्या कोकराचं दूध

माझ्या जावयाला नाही म्हणता येत नाही. कोणी काही मागावं, की हा कमरेत वाकून, उजवा अंगठा पुढं करून "मंगा" म्हणतो. घ्या की, हो जी, तुम्ही म्हणाल तसं, सगळं त्या एका शब्दात येतं. आमच्या डोंगरात पोरांना बोलायला लागल्यावर हाच शब्द आधी शिकवतात. पण तो कुठं थांबवायचा हे ज्याचं त्यानं शिकायचं असतं. कोसासी ते शिकला नाही. एकदा आमच्या छपराची कौलं बदलायला वर चढला होता. शेजारची इचीह आली, म्हणाली, "कोसासी, शिडी नेऊ का जरा?" हा वरूनच "मंगा." शिडी गेली. दुपार टळेपर्यंत हा कौलांवर बसून, मानेचं कातडं भाजून निघालेलं. मी खालून ओरडले, "उडी मार, नाहीतर तिथंच संसार मांड!" तर म्हणतो, "इचीहमावशी आणतीलच एवढ्यात, अंबू." आमच्यात आईला अंबू म्हणतात, जावईपण.

लग्नाआधी मी एंतीनला विचारलं होतं, "ह्याच्यात पाहिलंस तरी काय?"

"भांडत नाही," ती म्हणाली.

भिंतपण भांडत नाही. पण पोरीचं मन होतं, मी म्हटलं असू दे. आमचे आबा, म्हणजे एंतीनचे वडील, गेल्यावर घरात पुरुषमाणूस हवंच होतं, गवत वाहायला.

हे सांगते आहे ते त्या वर्षीचं, ज्या वर्षी कोरडा हंगाम सरता सरेना. पासिरकोनेंग म्हणजे पिवळी टेकडी, आणि त्या वर्षी ती नावाप्रमाणे पिवळी पडली होती. चहाच्या मळ्याच्या कडेचं गवत झाडूच्या काड्यांसारखं झालेलं, विळा मारला की खर्रकन आवाज यायचा आणि हातात धूळ राहायची. मी अजून विळा चालवते. गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले, पण हात झाले नाहीत. सकाळी कोसासी टोफूच्या कारखान्यात कामाला जायचा, मी डोंगरावर, आणि एंतीन तान्हं पोर झोळीत घालून गोठ्याखालची लेंडी काढायची. आमचा गोठा बांबूच्या खांबांवर उभा आहे, खाली लेंडी, वर मेंढ्या. मेंढ्या आमच्या नाहीत, पा हाजी सोबांदीच्या. आम्ही नुसत्या राखायच्या, आणि कोकरं निम्मी निम्मी.

निम्मी म्हणजे कशी तेही ऐका. आमच्या मेंढ्या एकाला थांबत नाहीत, दोन देतात. जे कोकरू आधी चारी पायांवर उभं राहील ते मालकाचं, मागून उठेल ते राखणाऱ्याचं. मालकाच्या कोकराच्या गळ्यात लाल दोरा, आमच्या गळ्यात काळा, आणि दोरा बांधताना शेजारचं माणूस साक्षीला लागतं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण आधी उठतं ते आधी सडाला लागतं. पावसाळ्यात दोघांना पुरतं. कोरड्या हंगामात कासेत एकापुरतंच उतरतं. म्हणून कोरड्या हंगामात मेंढी मालकाचं कोकरू वाढवते, आणि आमचं मी बांबूच्या बेटाखाली पुरते. एंतीन रांगत होती तेव्हापासून पुरते आहे. त्या बेटाला कोंब मात्र जाडजूड येतात.

मला काय हवं होतं ते सांगते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारीला हाव होती. मला काळ्या दोऱ्याची एक मादी जगायला हवी होती. एकच. नर झाला तर कुर्बानीच्या ईदला जातो, संपला विषय. मादी जगली की ती ठेवायची. तिला जी होतील ती सगळी आपली, त्यांच्या गळ्यात कुठलाच दोरा नको. दुसऱ्याच्या मेंढ्यांचं मूत उपसण्यात माझा जन्म गेला. एंतीनचा जाऊ नये, एवढंच.

काळतोंडी मेंढी व्याली ती एका सकाळी. पहिला नर, दांडगा, अंग वाळायच्या आधीच उठून कासेला ढुसण्या मारायला लागला. इचीह साक्षीला पुढ्यातच बसली होती, नाहीतर मी त्याला पायानं जरा दाबून ठेवला असता. दुसरी मादी. पडून राहिली. मी तिच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, नाकात फुंकर मारली, गवतानं छाती चोळली. उठली एकदाची, पुढचे पाय फाकवून, आमच्या आबांसारखी.

"काळा बांध," मी म्हटलं.

"मादी आहे गं ओनीह," इचीह म्हणाली.

"मला दिसतंय. नजर लावू नकोस, दोरा बांध."

कोसासी कारखान्यातून टोफूचा चोथा आणायचा, ओला, गरम, कावडीच्या दोन्ही बाजूंना. मेंढ्या त्यावर तुटून पडायच्या. पोटं टम्म व्हायची. पण कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, आणि गोठ्याखाली गेलं की मुताच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. मी कोसासीला म्हटलं, "तू आणतोस चांगलं, पण ह्या खातात आणि मुततात. मधे काही होतच नाही."

हेच पुढं त्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं. विदा तिचं नाव, जनावरांच्या दवाखान्यातली, एंतीनच्याच वयाची. स्कूटरवरून आली, हेल्मेट काढून हातातच धरलं, टेकवायला जागा स्वच्छ दिसेना म्हणून. मी चटई झटकून पुढं टाकली.

"मा ओनीह, मेंढीला चार पोटं असतात."

"मला एकच आहे, तेच भरत नाही, पोरी."

ती हसली. चांगली हसली, तोंडावर हात न ठेवता. म्हणाली, "पहिलं पोट म्हणजे आंबवणाचा रांजण समजा. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव राहतात. तुम्ही चोथा घालता, त्यातला कस आधी ते खातात. जादा होतं ते मुतावाटे जातं. कासेपर्यंत फार थोडं पोचतं."

"म्हणजे पा हाजीच की. राबायचं खाली, आणि आधी खायचं वरच्यानं."

कोसासीला ठसका लागला. "अंबू!"

"मी मेंढीच्या पोटाबद्दल बोलते आहे."

विदाचं म्हणणं होतं, सोयाबीनची पेंड घ्यायची, तिला एक औषध चोळायचं. मग तिच्यातला कस त्या रांजणात सुटत नाही, गुपचूप पुढच्या पोटात उतरतो आणि तिथं सुटतो. तिथून रक्तात, रक्तातून दुधात. तिनं पिशवीतून बाटली काढली. बूच उघडल्याबरोबर माझ्या नाकात सुई गेल्यासारखं झालं.

"हे मढ्याला लावतात ते ना?"

"तेच, मा. फॉर्मलिन. पण इतकुसं, मापानं."

"काही टोफूवालेपण घालतात म्हणे, टोफू टिकावा म्हणून."

"घालतात. घालू नये. माणसाच्या पोटात ते जायलाच नको."

कोसासी जमिनीकडं बघायला लागला. त्यावरून मला कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून माझ्या घरात टोफू शिजला नाही.

पेंडीचं पोतं विदानं दिलं, मापाचं झाकण दिलं. निळ्या पिंपात पेंड, वरून झाकणभर औषध पाण्यात कालवून शिंपडायचं, हातात रबरी मोजे घालून चोळायचं, आणि पिंप घट्ट बंद करून ठेवायचं. "उघडल्यावर डोळ्याला झोंबलं तर परत झाकण लावा," ती कोसासीला म्हणाली. "वास मेला की सावलीत पसरा, वाळू द्या, मग मूठ मूठ द्या. घाई केलीत तर ह्याचंच विष होतं. आणि माप सोडून एक थेंब नाही. समजलं?"

"मंगा, बू." दवाखान्यातल्या बाईला तो मानानं बू म्हणायचा.

"समजलं का, ते विचारते आहे ती," मी म्हटलं.

मला त्यात काहीच पटलं नव्हतं. मढ्याच्या पाण्यानं दूध कसं वाढेल? पण चार मरायच्या जागी पाच मरतील, आणखी काय व्हायचंय, असं म्हणून गप्प बसले. पिंप उघडलं, पेंड वाळली, वास गेला. काळतोंडीनं आधी नाक वर केलं, मग चोथ्यात मिसळलेलं निमूट खाल्लं.

दूध मोजायची विदाची रीत मात्र मला आवडली. मेंढी पिळायची नाही. कोकरांना आईपासून वेगळं ठेवायचं, एंतीनच्या झोळीत घालून ताणकाट्याला टांगायचं, वजन बघायचं. मग प्यायला सोडायचं. पिऊन झालं की परत टांगायचं. जेवढं भरलं तेवढं दूध. शाळेत न जाता मला हे कळलं. कोसासीला दोनदा सांगावं लागलं. टांगलेलं कोकरू झोळीतून चार पाय खाली सोडून ब्यां करायचं, आणि एंतीनचं पोर आपली झोळी गेली म्हणून रडायचं.

आणि काटा हलला. खोटं कशाला बोलू? आधी काळ्या दोऱ्याचीचा काटा पिण्याआधी जिथं तिथंच प्यायल्यावरही असायचा. दादाचं पिऊन व्हायचं, ही नुसता सड चघळायची. पुढं पुढं कास टणक दिसायला लागली, हात लावला की गरम. एका सकाळी मी पाहिलं, नर पिऊन बाजूला झाला, आणि ही खाली घुसली, शेपूट फडफडवत, आणि घशातून गुटुक गुटुक आवाज येतोय. पिऊन झाल्यावर उचकी लागली तिला. दुधानं उचकी. आमच्या कोकराला. मी गोठ्याच्या पायरीवर बसून राहिले, विळा मांडीवर, डोंगरावर जायचं विसरून.

एंतीन म्हणाली, "अंबू, डोळ्यांत काय गेलं?"

"मूत," मी म्हटलं. "वास बघ किती येतोय."

तोही खरंतर कमी झाला होता.

एंतीनला मी कातुकचा पाला शिजवून घालत होते, अंगावर दूध यावं म्हणून. भात, सुकी मासळी, पाल्याचं पाणी. एका हातानं तिचा वाडगा भरायचा, दुसऱ्या हातानं मेंढीची मूठ. कोसासी लाजून म्हणायचा, "अंबूच्या घरात सगळ्याच लेकुरवाळ्या."

"तू तेवढा भाकड," मी म्हणायची, आणि तो हसायचा. बरे दिवस होते ते. थोडेच होते.

पा हाजी सोबांदी चढण चढून आला तेव्हा मी मळ्याच्या कडेला गवत कापत होते. घरी असते तर पुढचं झालं नसतं. एंतीननं सांगितलं ते असं. तो आला, पांढरी टोपी सारखी केली, गोठ्यात डोकावला. लाल दोऱ्याचा नर उचलून पाहिला. मग काळ्याचीही उचलली, पोटाखाली हात घालून.

"कोसासी, ही दुसरी ना रे?"

"हो जी, पा हाजी."

"दुसरी अशी? माझ्या खालच्या वाड्यात पहिलीसुद्धा अशी नाहीत."

झालं. कौतुकाचा एक शब्द पडला की हा माणूस वितळतो. पिंप दाखवलं, बाटली दाखवली, रांजण, जीव, पुढचं पोट, सगळी पोथी म्हणून दाखवली. विदा स्वतः सांगायची त्याहून जास्त. पा हाजीनं ऐकून घेतलं. म्हणाला, "खाली ईदसाठी नर धरलेत, त्यांच्या आया आटल्यात. हे पिंप, पोतं, बाटली, सगळं मला दे आत्ता. तुझी ती बाई तुला दुसरं देईल की."

"मंगा, पा हाजी."

एंतीन दारातून म्हणाली होती, "अहो, अंबू येऊ द्या." ते तिनं हळू म्हटलं. माझी पोर असून हळू म्हटलं.

पिंप द्यायला तोच खाली गेला, खांद्यावर घेऊन. मी भारा टाकला तेव्हा पिंपाचा गोल तेवढा धुळीत उरला होता.

तो परत आल्यावर मी ओरडले नाही. ओरडले असते तर इचीहला ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, "मेंढ्या कोणाच्या?"

"पा हाजींच्या."

"पेंड कोणाची?"

"विदाबूंनी दिलेली, अंबू. पण मेंढ्या त्यांच्याच, म्हणून मी म्हटलं..."

"ती दुसरी कोणाची?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"उद्या पा हाजी म्हणाला, माझ्या नातवाला दूध कमी पडतंय, तुझ्या बायकोचं दे थोडं, तर काय म्हणशील?"

एंतीन उठून आत गेली. कोसासीचे कान लाल झाले.

तो विदाला शोधायला दवाखान्यात गेला. ती बदलीवर बांदुंग शहराला गेलेली, दुसरी कोणी येईल तेव्हा येईल. पोतंही नाही, बाटलीही नाही. मी म्हटलं, "मग पा हाजीकडं जा, एक पाटी माग परत." तो गेला. रिकामा आला. खाली चार माणसं ओट्यावर बसली होती, म्हणाला, त्यांच्यासमोर मागणं बरं दिसलं नाही. चहा मात्र पिऊन आला.

दूध काही एकदम आटत नाही. ते सकाळी थोडं कमी, संध्याकाळी थोडं कमी, असं जातं, घरात येणं-जाणं कमी झालेल्या पाहुण्यासारखं. कास आधी मऊ पडली, मग चुणली. नर धटिंगण, त्याचं भागायचं. त्याचं होऊन ही खाली घुसली की काळतोंडी पाय झाडायची. सड दुखत असणार. कोरडा सड चोखला की दुखतो, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. मी मेंढीला खांबाला दाबून धरायची आणि एंतीन त्या लेकराचं तोंड सडाला लावायची. काटा तिथल्या तिथं.

कोसासीनं मला न विचारता केलं ते ह्या दिवसांत. कारखान्यातल्या मागच्या खोलीतलं ते मढ्याचं पाणी त्यानं प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरून आणलं. कुठून, कसं, मी विचारलं नाही. मापाचं झाकण पिंपाबरोबर खाली गेलं होतं. रबरी मोजेही. ते त्यानं नीट घडी घालून पा हाजीला दिले होते. म्हणून ह्यानं अंदाजानं ओतलं, उघड्या हातांनी चोळलं, आणि जुन्या खताच्या गोणीत तोंड बांधून संडासाच्या मागं ठेवलं. पेंडही कारखान्यातली झाडून आणलेली, सोयाबीनचा कोंडा.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे लाल. म्हणाला, "चुलीचा धूर." कारखान्यात रोज धूर असतो, रोज डोळे असे नसतात. जेवताना त्यानं डाव्या हाताची मूठ मिटून मांडीखाली ठेवली होती. मी पाहिलं. मला वाटलं भाजलं असेल उकळत्या सोयाबीनच्या दुधानं, कारखान्यात भाजतंच.

गोणी त्यानं लवकर उघडली. का, तर ती दुसरी उठेनाशी झाली होती. सकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा ती चार पाय पोटाशी घेऊन बसलेली, नाकाचं टोक थंड. कोसासी दारात उभा होता, तिच्याकडं बघत. कारखान्यात निघायची वेळ झाली होती. मी डोंगरावर गेले. परतले तेव्हा काळतोंडीच्या पुढ्यातलं टोपलं अर्धं रिकामं होतं.

भुकेलं जनावर चार घास खातं, मग जिभेला कळतं. ती वरचा ओठ उचलून उभी होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पार जमिनीपर्यंत. मी टोपल्याला नाक लावलं आणि मागं पडले. घशात खिळा ठोकल्यासारखं. एंतीनला हाक मारली, पाणी आणवलं, मेंढीचं तोंड धुतलं, जीभ धुतली. जीभ पांढरी, मऊ, उकडल्यासारखी. टोपलं मी दगडांच्या ओघळीत ओतलं आणि वर माती लोटली.

"हे कोणी दिलं?"

एंतीन म्हणाली, "कामावर निघताना हेच घालून गेले. म्हणाले, विदाबूंचंच आहे."

"आणि तू वास घेतला नाहीस?"

"सर्दी झालीय मला, अंबू." खरंच झाली होती. तिचंही नाक लाल होतं. की ते त्या गोणीपाशी गेल्यामुळं, कोण जाणे.

काळतोंडीनं रवंथ करणं सोडलं. आमच्यात म्हणतात, मेंढीनं रवंथ सोडलं की तिला कसायाकडं न्यायला दोर शोधायचा. ती मेली नाही. पण दात खात उभी राहिली, डोकं खांबाला टेकवून, आणि कासेत थेंब उरला नाही. लाल दोऱ्याचा नर चोर निघाला. दुसऱ्या मेंढीच्या मागच्या पायांतून मुंडकं घालून तिचं प्यायचा. आमची काळ्या दोऱ्याची उठून चोरी करायला जाणार कशी?

मी तिला घरात आणलं. पेजेचं पाणी, गूळ, कापसाच्या बोळ्यानं. ओठाच्या कडेनं सगळं बाहेर. दुपारचं ऊन दारात पडलं होतं. एंतीन तिथंच बसली होती, तिचं पोर पिऊन झोपलेलं, आणि तिची चोळी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. तिनं त्या ओल्याकडं पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या कोकराकडं, मग माझ्याकडं.

"नाही," मी म्हटलं. "माणसाचं माणसाला."

तिनं पदरानं पुसून घेतलं.

कोकरानं मान ताणली, जांभई दिल्यासारखी, आणि तेवढंच. मी काळा दोरा कापला. गाठ सुटत नव्हती, इचीहनं घट्ट बांधली होती. बांबूच्या बेटाखाली जमीन इतकी कडक होती की खड्डा करायला मला दोनदा बसावं लागलं.

पा हाजीला खबर लागायला वेळ लागत नाही. मेंढी आजारी आहे हे त्याला इचीहच्या नवऱ्यानं सांगितलं असणार. दोन माणसं, दोर घेऊन आला. आमच्या दारात गर्दी झाली. पाऊस नसला की माणसांना काम नसतं. कोसासीही कारखान्यातून आलेला, हात पाठीमागं बांधून उभा.

पा हाजीनं काळतोंडीचा ओठ उचलून पाहिला. "काय घातलंत हिला?"

"चूक झाली, पा हाजी," कोसासी म्हणाला. "माझ्या हातून."

"खाली तर तुझ्या पिंपानं कमाल केली. आया अशा पान्हावल्यात, सगळी कोकरं गुबगुबीत. आणि इथं हे?"

"अल्हम्दुलिल्लाह, खाली चांगलं झालं ना," कोसासी म्हणाला. खरंच आनंद झाला होता त्याला.

मी पुढं झाले. डोक्याची ओढणी नीट केली, आवाज चढवला नाही. म्हटलं, "पा हाजी, खाली चांगलं झालं, कारण पिंप इथून गेलं. आमच्या दारातून, आमची दुसरी पीत असताना, तुम्ही ते उचलून नेलंत. मागाहून एक पाटी परत पाठवायचं तुम्हाला सुचलं नाही. तुमचा लाल दोऱ्याचा तो बघा, उड्या मारतोय. आमची कुठं आहे ते बेटाखाली जाऊन बघा. हे निम्मं आहे का, ते ह्या सगळ्या माणसांसमोर सांगा."

पा हाजीनं टोपी काढली, परत घातली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आणखी एक श्वासभर तसंच राहिलं असतं तर तो काहीतरी बोलला असता. काय, कोण जाणे, पण त्याला बोलावं लागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या दारात गप्प झाला होता.

आणि कोसासी मधे आला. वाकला, अंगठा पुढं केला.

"पा हाजी, माफ करा. अंबूचं वय झालं. कोकरू गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. काहीबाही बोलते. मनावर घेऊ नका."

पा हाजीचा चेहरा लगेच सैल पडला. "नाही रे. म्हातारं माणूस, व्हायचंच." मग माझ्याकडं वळून, लहान पोराशी बोलावं तसं, "विश्रांती घ्या हं, मा ओनीह."

इचीहनं मागून येऊन माझे दोन्ही दंड धरले आणि मला पायरीवर बसवलं, येड्या माणसाला बसवतात तसं. "बस गं, बस. पाणी देऊ?" बायका चुकचुकल्या. मी हात झटकले, तर त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. माझ्या झटकण्यानंही तेच सिद्ध झालं.

मेंढ्या नेल्या. सगळ्या. काळतोंडी चालेना, तर कोसासीनंच तिला खांद्यावर घेतली आणि उतरून पोचवून आला.

तो परत आला तेव्हा मी कोरफडीचं पान चिरून ठेवलं होतं. म्हटलं, "हात." त्यानं मुठी उघडल्या. तळहाताचं कातडं पांढरं होऊन सुटलं होतं, बोटांच्या पेरांत भेगा, त्यातून लाल दिसत होतं. मेंढी उचलून नेताना ते फाटलं होतं. मी गर लावायला घेतला. तो ओठ चावून बसला. एंतीन दाराशी पोर थोपटत होती. गोठ्यातून एकही आवाज येत नव्हता.

"अंबू," तो म्हणाला, "भांडण वाढलं असतं. ते मोठे आहेत. मी आपलं सांभाळून घेतलं."

मी दुसरा हात ओढून घेतला. लावून झाल्यावर त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि एंतीनलाही ऐकू जाईल असं बोलले.

"हाजीनं मेंढ्या नेल्या, त्याच्या होत्या. कोकरू मेलं, तू मारायला म्हणून मारलं नाहीस, हात जाळून घेतलेस, तेही मला दिसतंय. त्याबद्दल मी तुला कधी बोलणार नाही. पण आज मी खरं बोलत होते आणि तो ऐकत होता, आणि तू मला वेडी म्हणून त्याच्या हातात दिलंस. आता मी ह्या टेकडीवर काहीही बोलले तरी म्हणतील, ओनीहचं डोकं गेलंय. तू सांभाळून घेतलं नाहीस, कोसासी. तुला चांगलं दिसायचं होतं. गाव तुला चांगला म्हणतं आणि मरेपर्यंत म्हणेल, कारण गावाला तू आमच्या घरातलं उचलून देतोस. राहा इथं, जेव, पोर खेळव, हात बरे झाले की कामाला जा. एंतीनचा नवरा आहेस, तुला कोणी घालवत नाही. पण माझ्या घराला तू चोर आहेस, आणि आजपासून मी तुझ्याशी चोराशी वागतात तशीच वागणार."